सरकारी माहिती वेबसाइटवर आहे, मग गावात का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारे चार मित्र, मूळ गाव लातूरकडचं. ग्रामपंचायतीचा खर्च, रेशनचं धान्य, नळजोडण्या हे सगळं सरकारी वेबसाइटवर दिसतं, पण गावात कुणी ते बघत नाही. सगळं एका जागी, मराठीत, मोबाइलवर आणणारं ॲप करायचं त्यांच्या मनात आहे. कुठली माहिती घ्यावी, ती कशी मांडावी, आणि त्यामुळे शासन आणि लोक खरंच जवळ येतील का, असं त्यांनी विचारलंय.

ॲप करू नका असं मी म्हणणार नाही. पण ते सगळ्यात शेवटी करा.

मी एकोणीस वर्षं मराठवाड्यात सामाजिक अंकेक्षणाचं, म्हणजे सरकारी कामांचा हिशेब लोकांसमोर तपासण्याचं, आणि ग्रामपंचायतींच्या माहितीचं काम करते आहे. सुरुवातीच्या काळात आम्ही एका तालुक्यातल्या सगळ्या गावांची रोजगार हमीची आकडेवारी उतरवून घेतली, नकाशावर मांडली, कामांच्या प्रकारांप्रमाणे रंग दिले. बैठकीत अधिकाऱ्यांनी कौतुक केलं, वर्तमानपत्रात बातमी आली. पण त्या तालुक्यातल्या एकाही मजुराने तो नकाशा पाहिला नाही आणि कुणाचीही मजुरी त्यामुळे एक दिवससुद्धा लवकर मिळाली नाही. त्या कामात आमचे पाच महिने गेले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी एका तांड्यावर संध्याकाळी आम्ही नुसतं एक मस्टर, म्हणजे रोजगार हमीचं हजेरीपत्रक, वाचून दाखवलं. वेबसाइटवरून छापून घेतलेलं, दोन पानांचं. नाव, किती दिवस, किती पैसे. वाचता वाचता एक बाई मध्येच उठल्या. म्हणाल्या, "ताई, त्या आठवड्यात मी इथं नव्हतेच. आम्ही ऊसतोडीला होतो. माझं नाव सहा दिवस कसं काय?" त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या मस्टरमधली कोणती ओळ खोटी आहे, हे त्या तालुक्यात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आमच्याकडे ते मस्टर वर्षभर पडून होतं आणि आम्हाला त्यात काहीही वावगं दिसलं नव्हतं.

तेव्हापासून मी माहिती निवडताना एकच गोष्ट बघते. ही ओळ ऐकून गावातला कोणी माणूस "हे खरं" किंवा "हे खोटं" असं स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो का? मजुरी, रेशन, निराधार योजनेचं मानधन, स्वतःच्या घराचा नळ, गल्लीतली गटार, अंगणवाडीची दुरुस्ती, यांबद्दल तो सांगू शकतो. जिल्ह्याची सरासरी, तालुक्याचा क्रमांक, टक्केवारी यांबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. तुमच्या मनातल्या ॲपमध्ये बहुधा दुसऱ्या प्रकारची माहिती जास्त असेल, कारण तीच नीट तक्त्यात मिळते.

ही युक्ती माझी नाही. २ डिसेंबर १९९४ ला राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. तेव्हा माहितीचा अधिकार नव्हता, संगणकाचा तर प्रश्नच नव्हता. मिळवलेले कागद गावासमोर वाचायचे आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना विचारायचं, एवढंच. त्या वाचनातूनच १९९६ मधलं ब्यावरचं चाळीस दिवसांचं धरणं उभं राहिलं, "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा देशभर गेली आणि पुढे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आला. आपल्याकडे अण्णा हजारे आणि इतरांच्या रेट्यामुळे त्याच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये, राज्याचा स्वतःचा कायदा झाला होता. तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १३ सप्टेंबर २०१९ ला राजस्थान सरकारने 'जन सूचना पोर्टल' सुरू केलं. पंचायतीचं किंवा वॉर्डाचं नाव निवडलं की कोणाला काय मिळालं ते विनाअर्ज दिसतं. ते पोर्टल बनवताना खात्यांचे अधिकारी, माहिती तंत्रज्ञान विभाग आणि त्याच चळवळीतली माणसं समोरासमोर बसली. कुठला रकाना हवा, तो कुठल्या शब्दात हवा, हे पंचवीस वर्षं कागद वाचून दाखवणाऱ्यांनी सांगितलं. आधी वाचन झालं, पोर्टल त्याच्यानंतर आलं.

आता तुमच्या कामाचं. सुरुवात रेशनपासून करा.

कारण सांगते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डाला घरटी पस्तीस किलो, हा हिशेब बायकांना तोंडपाठ असतो. जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट आहे, त्यामुळे पैशांचा घोळ मध्ये येत नाही. दुकानातलं अंगठा घेणारं ई-पॉस मशीन प्रत्येक व्यवहार नोंदवतं आणि तो व्यवहार ऑनलाइन दिसतो. शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकला की घरात किती माणसं नोंदलेली आहेत आणि या महिन्यात किती धान्य "दिलं" ते समजतं. म्हणजे सरकार काय म्हणतं आणि डब्यात काय आहे, हे एकाच घरात, एकाच महिन्यात ताडून बघता येतं. एवढी स्वच्छ तुलना दुसऱ्या कुठल्याही योजनेत मिळत नाही.

आम्ही एका गावात हे केलं तेव्हा दुकानदार धान्य खातो असंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वस्तीनुसार याद्या वाचल्या. काही घरांत खरंच अंगठा घेऊन "माल संपला, पुढच्या महिन्यात या" असं सांगितलं गेलं होतं. पण त्याहून कितीतरी जास्त घरांत वेगळीच गोष्ट निघाली. कार्डावर सहा माणसं, मशीनमध्ये चार. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढवलेलं नाही, लेकरांची नावं आधारशी जुळलेली नाहीत. दुकानदार चार माणसांचं वीस किलो देत होता आणि घरातली मंडळी दहा किलोसाठी त्याच्याशी दर महिन्याला भांडत होती. दोघंही खरं बोलत होते. ती चूक तहसीलच्या पुरवठा शाखेत एका नोंदीत होती. त्या दिवशी दुकानदार स्वतःहून म्हणाला की यादी मला द्या, मीच तालुक्याला घेऊन जातो.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. खुली माहिती म्हणजे चोर पकडण्याचं साधन, असं डोक्यात ठेवून तुम्ही गावात गेलात तर पहिल्याच बैठकीत सगळे कर्मचारी दार लावून घेतील, आणि तुम्हाला जी चूक सापडायला हवी ती सापडणार नाही. सरकारी माहितीतल्या चुका दुरुस्त करण्याची सगळ्यात स्वस्त आणि अचूक पद्धत म्हणजे ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांना दाखवणं. बऱ्याच वेळा तिथे चोरी नसतेच, नोंद चुकलेली असते. जिथे चोरी असते तिथेही ती याच वाचनातून बाहेर येते, कारण नोंदी दुरुस्त झाल्यावर लपायला जागा राहत नाही.

रेशननंतर ग्रामपंचायतीचा खर्च घ्या. एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीतला साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि चाळीस टक्के अबंधित. हे प्रमाण गावात फार थोड्यांना माहीत असतं, आणि ते कळलं की ग्रामसभेतली चर्चाच बदलते. "आमच्या गल्लीला पेव्हर ब्लॉक का नाहीत" या प्रश्नाचं उत्तर कधी कधी "तो पैसा पाण्याचा आहे" असं खरंखुरं असतं. सरपंचालाही तो तक्ता हातात असलेला बरा वाटतो. कामांची यादी छापा, टेप घ्या, दोन पोरं सोबत घ्या आणि गटार मोजा. लांबी जुळते की नाही हे सगळ्यांसमोर कळू द्या.

तुम्ही तंत्रज्ञ आहात म्हणून आता तुमच्या बाजूचं.

सगळ्यात जास्त वेळ जाईल तो गावांची नावं जुळवण्यात. एका पोर्टलवर गाव 'बुद्रुक', दुसऱ्यावर 'बु.', तिसऱ्यावर इंग्रजी अक्षरांत 'बीके'. खुर्दचंही तसंच. नावावरून जोडायला गेलात तर शेजारच्या गावाचा खर्च तुमच्या गावाच्या नावावर पडेल, आणि तसं एकदा झालं की ग्रामसभेत तुमच्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. नावं सोडा, स्थानिक शासन निर्देशिकेतले सांकेतांक वापरा. केंद्राने प्रत्येक गावाला आणि पंचायतीला दिलेला तो क्रमांक बऱ्याच पोर्टलांच्या पोटात असतो, वर दिसला नाही तरी. २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव क्रमांकही जोडीला ठेवा, कारण जुनी माहिती त्यावरच आहे. गट ग्रामपंचायत असेल तर एका पंचायतीत तीन-चार गावं येतात, तो तक्ता वेगळा करावा लागतो. आणि तांडे, वाड्या, वस्त्या, पाडे बहुतेक याद्यांत नसतात. त्या हाताने भराव्या लागतात, तिथल्याच माणसाला विचारून. हे कंटाळवाणं काम आहे, पण याच वस्त्यांपर्यंत योजना सगळ्यात उशिरा पोचतात, म्हणून ते टाळू नका.

जुने कागद बहुतेक पीडीएफमध्ये मिळतील, त्यातले बरेचसे स्कॅन केलेले. काही मराठी मजकूर जुन्या फाँटमधला, युनिकोड नसलेला. कॉपी केला की निरर्थक चिन्हं येतात. त्यासाठी परिवर्तक वापरा, पण आकडे प्रत्येक वेळी मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडा. ३ आणि ८ मधली गल्लत मी स्वतः एका यादीत केली होती आणि एका म्हाताऱ्या बाबांना त्यांच्या मानधनाचा चुकीचा आकडा वाचून दाखवला होता. ते दोन दिवस बँकेत चकरा मारत होते.

दर महिन्याला पान जसंच्या तसं, तारखेसह साठवून ठेवा. पोर्टलवरची माहिती बदलते आणि जुनी दिसत नाही. मार्चमध्ये अपूर्ण असलेलं काम एप्रिलमध्ये पूर्ण दाखवलं जातं, पण तारीख मागची असते. तुमच्याकडे मार्चचं पान असेल तरच ते सांगता येतं. कॅप्चा तोडून किंवा रात्रभर सर्व्हर ठोकून माहिती उचलू नका. एका तालुक्याची माहिती हाताने उतरवायला दोन मुलांना एक आठवडा पुरतो, आणि ती दोन मुलं त्या आठवड्यात जे शिकतात ते तुमच्या ॲपमधून कुणी शिकणार नाही. शक्य असेल तर ती मुलं गावातलीच घ्या.

खाजगीपणाबद्दल मी फार कडक आहे, तुम्हीही राहा. पोर्टलवर दिसतं म्हणून आपणही दाखवायचं, असं नाही. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर, आजार, यातलं काहीही तुमच्या साठ्यात मुळीच नको. नावानिशी यादी गावात, वस्तीवर, त्याच माणसांसमोर वाचायची असते. जगाला शोधता येईल अशी इंटरनेटवर टाकायची नसते. वेबवर टाकायची तर वस्तीची बेरीज टाका. याची दुसरी बाजूही समजून घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम, बदललं. आधी त्यात वैयक्तिक माहितीसाठीसुद्धा सार्वजनिक हिताचा अपवाद त्याच कलमात लिहिलेला होता. आता कलमात फक्त वैयक्तिक माहिती एवढंच उरलं आहे. कलम ८(२) मधला सार्वजनिक हिताचा मुद्दा शाबूत आहे, पण तो अर्जदाराला आठवून मांडावा लागतो. लाभार्थ्यांच्या याद्या मागताना हे कलम पुढे केलं जाऊ शकतं. सामाजिक अंकेक्षणाचा पायाच नावानिशी यादी हा आहे, त्यामुळे या बदलाची मला मनापासून काळजी वाटते. म्हणूनच आपल्या बाजूने एकाही माणसाची माहिती बेपर्वाईने उघडी पडता कामा नये. तसं झालं तर याद्या बंद करायला आपणच कारण दिलं, असं होईल.

आणि माहिती उघडी केली की ती सगळ्यांना सारखी मिळते, हा समज सोडून द्या. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात जमिनीचे जवळपास दोन कोटी उतारे संगणकावर आणले. तलाठ्याकडच्या चकरा आणि चिरीमिरी कमी झाली, शेतकऱ्याला पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. हे मोठंच काम. पण बंगळूरभोवती अभ्यास करणाऱ्यांना असंही दिसलं की कुठली जमीन कोणाची हे एका जागी कळल्याचा मोठा लाभ मोठ्या खरेदीदारांनी उठवला. आपल्याकडेही डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आल्यापासून शेतकऱ्याची सोय झाली, यात शंका नाही. तरी तुमचं ॲप आधी कोण वापरेल याचा विचार करा: ज्याच्याकडे मोबाइल, डेटा, वेळ आणि पुढे पाठपुरावा करायची ताकद आहे तो. उरलेल्यांसाठी तुम्ही काय करणार आहात, ते आराखड्यातच लिहा.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, शासन प्रतिसाद देईल का.

नुसती माहिती दाखवून प्रतिसाद मिळत नाही. ठरावीक तारखेपर्यंत, ठरावीक माणसाने उत्तर द्यायचं असं कुठेतरी लिहिलेलं असलं तरच मिळतो. असं लिहिलेल्या जागा आपल्याकडे आहेत, त्या वापरा. माहितीच्या अधिकाराचं कलम ४(१)(ख) सतरा बाबी आपणहून जाहीर करायला सांगतं, आणि कलम ४(४) स्थानिक भाषेत. त्यातली एखादी बाब तुमच्या तालुक्यात जाहीर नसेल तर तीच मागा. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवस. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम जन्मनोंदीचा दाखला, नमुना आठचा, म्हणजे घराच्या करआकारणीचा, उतारा अशा सेवांना मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील ठरवून देतो. चुकारपणा सिद्ध झाला तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. अन्न सुरक्षा कायद्यात दक्षता समिती आहे आणि सामाजिक अंकेक्षणही. आणि सगळ्यात जवळची जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाला माहीत असतात. तुमची यादी ठरावाच्या रूपात इतिवृत्तात गेली की तिला पाय फुटतात, कारण तिच्यावर सही होते आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं जातं.

म्हणून तुमच्याकडून मला एक वेगळंच काम हवं आहे, आणि ते तुम्ही उत्तम कराल. सरकारच्या आकड्यांचं ॲप असंख्य लोक बनवतात. उत्तरांची नोंद कुणीच ठेवत नाही. अमुक वस्तीच्या नऊ घरांनी नावं चढवायला अर्ज दिला, तारीख. पोच मिळाली, तारीख. उत्तर आलं किंवा नाही, तारीख. खरोखर धान्य वाढलं, तारीख. तक्रार पोर्टलवर "निकाली" दिसणं आणि घरात धान्य येणं या दोन वेगळ्या नोंदी ठेवा, कारण त्या दोन्हींमधलं अंतर हाच तुमचा खरा आकडा आहे. आम्ही अशी वही एका तालुक्यात तीन वर्षं ठेवली. दुसऱ्या वर्षी नायब तहसीलदारांनी ती स्वतः मागून घेतली, कारण त्यांच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींपैकी कुठल्या शाखेत अडकतात हे त्यांनाही तोवर कळत नव्हतं.

ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) पहिल्याच दिवशी जा, आणि मागायला नको, विचारायला जा. बऱ्याचदा एका माणसाकडे दोन-तीन गावं असतात. तीच माहिती तो पाच ठिकाणी भरतो, तीही रात्री, कारण दिवसा पोर्टल चालत नाही. माझ्या ओळखीच्या एका भाऊसाहेबांनी मला सांगितलं होतं, "ताई, मी माहिती लपवत नाही. ती कुठे आहे हे मलाच शोधावं लागतं." त्यांच्यासाठी आमच्या एका मुलाने नमुना आठची साधी वर्कशीट करून दिली, कराची थकबाकी घरनिहाय निघायला लागली. त्यानंतर त्या पंचायतीत कुठलाही कागद मागायला आम्हाला अर्ज करावा लागला नाही.

एक गाव, एक योजना, सहा महिने. त्या सहा महिन्यांत प्रत्येक महिन्याला तुमच्यापैकी एकजण तरी वस्तीवर जाऊन बसेल एवढं ठरवा. नाही जमलं तर काम सुरूच करू नका, कारण अर्धवट सोडलेल्या याद्यांनी गावाचा विश्वास जातो आणि पुढच्या माणसाला दारातच उभं केलं जातं. सहा महिन्यांनी काय बनवायचं ते तुम्हाला गावच सांगेल. आमच्या एका गावाने ॲप मागितलंच नाही. त्यांना फक्त धान्याची गाडी दुकानात आली की एक मेसेज हवा होता. छत्तीसगडने गाडी निघाल्याचे एसएमएस फार पूर्वी सुरू केले होते, त्यामुळे हे होऊ शकतं हे आम्हाला माहीत होतं.

पहिली यादी छापाल तेव्हा अक्षर मोठं ठेवा, अठरा पॉइंटच्या खाली नको. नावं आडनावाप्रमाणे लावू नका, गल्लीप्रमाणे लावा, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला हाक मारून बोलावतो. कागद एकाच बाजूला छापा, कारण तो देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवायचा आहे. आणि खाली चार ओळींची जागा कोरी सोडा, पेन दोरीने बांधून.